केप रॅथचा दीपस्तंभ वडिलांना दाखवता येईल का?

पर्वरीकर (पर्वरी)

नमस्कार. येत्या जूनमध्ये मी वडिलांना घेऊन स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे बहिणीकडे जाणार आहे. तीन आठवड्यांच्या मुक्कामातले चार दिवस आम्ही केवळ दीपस्तंभ पाहण्यासाठी राखून ठेवले असून त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

या हट्टामागचे कारण सांगितले तर सल्ला देणे सोपे जाईल. वडिलांचे बालपण गोव्यातील करंजाळ्यास गेले. त्यांच्या जुन्या घराच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने होती आणि त्यांतील एक शिंपला गळून पडल्यामुळे तळहाताएवढी चौकट मोकळी राहिली होती. त्या चौकटीतून मांडवीच्या मुखापलीकडे आग्वाद किल्ल्यातील दीपस्तंभाचा दिवा दिसत असे. दोन उजेडांच्या मधले आकडे मोजता मोजता त्यांना झोप लागायची, म्हणून आजीने तो शिंपला कित्येक वर्षे मुद्दाम बसवून घेतला नाही. आग्वादचा १८६४ सालचा जुना मनोरा १९७६ मध्ये निवृत्त झाला आणि शेजारच्या नव्या मनोऱ्यावर दिवा लागू लागला, तेव्हा वडील पंचविशीत होते. पण आजही ते ‘आमचा दिवा’ म्हणतात तो जुनाच.

आता त्यांचे वय ७४ आहे. प्रकृती उत्तम आहे, मात्र उजव्या गुडघ्याचा त्रास असल्यामुळे उतरताना त्यांना कठड्याचा आधार लागतो. बहिणीने पाठवलेल्या छायाचित्रांमध्ये केप रॅथचा दीपस्तंभ पाहिल्यापासून त्यांच्या मनाने तोच घेतला आहे. तेथवर कसे पोहोचायचे, जूनमध्ये वाट खुली असते का, मनोऱ्यात वर चढू देतात का आणि या वयाच्या माणसाला तो प्रवास झेपेल का, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या कोणी सांगितल्यास मी ऋणी राहीन. केप रॅथ जमण्यासारखे नसेल तर दुसरा कोणता दीपस्तंभ पाहावा, हेही सुचवावे.

सागरवाट (मडगाव)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान केप रॅथला जाऊन आलो आहोत, म्हणून वाटेविषयी खात्रीने लिहू शकते.

केप रॅथ हे ब्रिटनच्या मुख्य भूमीचे वायव्येकडील शेवटचे टोक आहे. तेथे थेट मोटारीने जाता येत नाही. अ‍ॅबर्डीनहून प्रथम इन्व्हरनेस आणि तेथून उत्तरेला डरनेस हे गाव गाठावे लागते. वाटेत कुठेही न थांबता पाच ते सहा तास लागतात, म्हणून एका दिवसात जाऊन येण्याचा विचारही करू नये. इन्व्हरनेस मागे पडल्यावर पुढे बराचसा रस्ता एकाच गाडीपुरता रुंद आहे आणि ठरावीक अंतरावर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी थोडी रुंद जागा केलेली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या अरुंद रस्त्यांवर गाडी हाकण्याची ज्यांना सवय आहे त्यांना तो रस्ता अवघड वाटणार नाही, पण वेळ मात्र लागतो.

डरनेसजवळ खाडी ओलांडण्यासाठी एक लहान होडी आहे. फेरीबोट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रायबंदर-चोडणची फेरीबोट येते, जिच्यात गाड्या, दुचाक्या, मासळीच्या पाट्या आणि शाळेची मुले असे सगळेच एका वेळी मावते. ही होडी तशी नव्हे. तिच्यात मोजकी माणसे बसतात, आणि भरती-ओहोटी व वारा पाहूनच ती सोडतात. पलीकडच्या तीरावर मिनीबस उभी असते. ती सुमारे ११ मैलांच्या कच्च्या वाटेने, खड्डे चुकवत, जवळजवळ तासाभराने दीपस्तंभापाशी पोहोचवते. ही वाट दीपस्तंभासाठीच तयार केलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना नुसते माळरान आणि दलदल असून वस्ती अशी नाहीच.

जूनविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे जून लागला की समुद्र बंद होतो, होड्या वर ओढल्या जातात. तिकडे मात्र हंगाम तेव्हाच सुरू होतो. होडी आणि मिनीबस उन्हाळ्यातच चालतात, त्यामुळे आपण निवडलेला महिना योग्य आहे. तरीही दोन अडथळे येऊ शकतात. पहिला वाऱ्याचा. आम्ही पहिल्या दिवशी सकाळी साडेआठलाच धक्क्यावर जाऊन उभे राहिलो होतो. अंगावर ऊन होते, आकाश निरभ्र होते, आणि तरीही वाऱ्यामुळे होडी सुटली नाही. डरनेसला आणखी एक रात्र काढली म्हणून दुसऱ्या दिवशी जाता आले. दुसरा अडथळा लष्कराचा. तो सारा माळ लष्करी सरावाचा प्रदेश आहे, तेथे खऱ्या दारूगोळ्याने सराव चालतो आणि त्या दिवसांत वाट बंद ठेवतात. सरावाच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या पाहूनच डरनेसचा मुक्काम ठरवावा.

आता प्रत्यक्ष दीपस्तंभ. तो १८२८ साली रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधला. मनोरा स्वतः २० मीटरच उंच आहे, पण कड्याच्या माथ्यावर असल्यामुळे त्याचा दिवा समुद्रसपाटीपासून १२२ मीटरवर येतो. १९९८ पासून तेथे रखवालदार राहत नाहीत, सर्व यंत्रणा आपोआप चालते. मनोऱ्याच्या आत जाऊ देत नाहीत, वर चढणे तर दूरच. हे आपल्या वडिलांना आधीच सांगून ठेवावे, कारण आमच्यासोबत आलेल्या एका कुटुंबाची त्यामुळे मोठी निराशा झाली. रखवालदारांच्या जुन्या इमारतीत चहापाण्याची सोय आहे, परंतु तिच्या भरवशावर राहू नये. पाणी, खाणे आणि वाऱ्याला अडवणारा कोट सोबत असलाच पाहिजे.

गुडघ्याविषयी स्पष्ट लिहिते. मिनीबसचे हादरे सोसता येतील. अडचण आहे ती होडीत चढण्या-उतरण्याची. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, उतरत्या धक्क्याचा खालचा भाग शेवाळलेला होता, आणि शेवटच्या चार पावलांना होडीवाल्याने माझा हात धरला होता. कठडा नव्हता. तरीही मी ‘जाऊ नका’ असे म्हणणार नाही. तेथे उभे राहिल्यावर समोर उत्तरेला जमीन म्हणून काही उरत नाही. पूर्वेकडे क्लो मोरचे कडे दिसतात, ते २८० मीटरांहून उंच असून ब्रिटनच्या मुख्य भूमीवरील सर्वांत उंच सागरी कड्यांत गणले जातात. खाली पाणी फुटत असते आणि त्याचा आवाज वर यायला क्षणभर उशीर लागतो. मी त्या भिंतीशी अर्धा तास उभी होते आणि यजमानांशी एक शब्दही बोलले नाही.

नावाविषयी एक छोटीशी भर. ‘रॅथ’ म्हणजे इंग्रजीत क्रोध, म्हणून अनेकांना वाटते की खवळलेल्या समुद्रावरून हे नाव पडले. वास्तविक ते जुन्या नॉर्स भाषेतील ‘वळण’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. उत्तरेकडून येणारे दर्यावर्दी या टोकाला वळसा घालून दक्षिणेकडे वळत असत.

निवृत्त तारवटी (वास्को)

सागरवाट यांनी वाटेचे वर्णन अचूक केले आहे. मी ३१ वर्षे जहाजांवर नोकरी केली आणि हे दिवे मी जमिनीपेक्षा समुद्रावरूनच अधिक पाहिले आहेत. माझे मत थोडे वेगळे आहे, ते मोकळेपणाने मांडतो.

आपल्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वाक्य आकडे मोजण्याचे. वडील लहानपणी जे करत होते तेच आम्ही जहाजाच्या पुलावर, म्हणजे जेथून जहाज हाकतात त्या उंच जागी, उभे राहून करायचो. प्रत्येक दीपस्तंभाच्या प्रकाशाची स्वतःची लय असते. किती झोत, त्यांच्यामध्ये किती काळोख आणि किती सेकंदांनी तेच पुन्हा, हे सगळे सागरी नकाशावर आणि दिव्यांच्या यादीत छापलेले असते. अनोळखी किनाऱ्यावर रात्री दिवा दिसला की हातात घड्याळ धरून मोजायचे, यादीशी पडताळायचे आणि मगच ‘हा अमुक दिवा’ असे म्हणायचे. केप रॅथचा दिवा ३० सेकंदांत चार वेळा पांढरा चमकतो. शेजारच्या दोन टोकांचे दिवे एकमेकांसारखे वाटले तर गलबत खडकावर जायचे, म्हणून ही लय ठरवणे हे दीपस्तंभ बांधण्याइतकेच जबाबदारीचे काम होते.

आता अडचण अशी की केप रॅथला आपण जाल ते दिवसा. जूनच्या उत्तरार्धात तेथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही पूर्ण अंधार असा होत नाही. परतीची मिनीबस दिवसाउजेडी निघते. म्हणजे आपल्या वडिलांना तेथे मनोरा दिसेल, कडे दिसतील, समुद्र दिसेल. दिव्याची लय दिसणार नाही. ज्यांना ती जागा पाहायची आहे त्यांनी केप रॅथला अवश्य जावे. मात्र ज्यांच्या मनात दिवा आहे त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसऱ्या दोन जागा आहेत.

पहिली, किनेर्ड हेड. अ‍ॅबर्डीनहून उत्तरेला सुमारे ४० मैलांवर फ्रेझरबर्ग हे मासेमारीचे बंदर आहे, तेथे बसनेही जाता येते. स्कॉटलंडच्या दीपस्तंभ मंडळाची स्थापना १७८६ मध्ये झाली आणि त्याचा पहिला दिवा १७८७ च्या डिसेंबरात येथेच लागला. त्यासाठी नवा मनोरा उभारलाच नाही. सोळाव्या शतकातील एक जुना किल्लेवजा वाडा होता, त्याच्याच माथ्यावर व्हेलच्या तेलाचे १७ दिवे आणि त्यांच्यामागे प्रकाश परावर्तित करणाऱ्या वाट्या बसवल्या. ते काम थॉमस स्मिथ यांचे. पुढे त्यांचेच जावई रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८२४ मध्ये त्या वाड्याच्या पोटातून आजचा मनोरा वर काढला. किल्ल्यात दीपस्तंभ म्हटले की आपल्याला आग्वाद आठवणारच. फरक इतकाच की आग्वादचा मनोरा किल्ल्याच्या आवारात वेगळा उभा आहे, आणि येथे वाडा व मनोरा एकाच अंगाचे आहेत.

१९९१ मध्ये शेजारी स्वयंचलित दिवा लागला आणि जुना दीपस्तंभ रखवालदारांनी सोडला तसाच जपला गेला. आज तेथे स्कॉटलंडच्या दीपस्तंभांचे संग्रहालय आहे, आणि वाटाड्या सोबत घेऊन मनोऱ्यात वर जाऊ देतात. भिंगाला फिरवणारे यंत्र तेथे पाहायला मिळते. त्याची रचना मोठ्या घड्याळासारखी असते: साखळीला टांगलेले वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरते, त्या ओढीने चाके फिरतात आणि वर भिंग फिरते. वजन तळाला पोहोचण्याआधी किल्ली देऊन ते पुन्हा वर घ्यावे लागे. यासाठी रखवालदार आळीपाळीने रात्रभर जागे राहत. वारा असो, ताप असो, घरात मूल आजारी असो, भिंग थांबता कामा नये. दिवा थांबला तर त्याची लय बदलणार, आणि लय बदलली तर समुद्रावरचा माणूस त्याला दुसराच दिवा समजणार. आम्ही पुलावर उभे राहून ज्या झोतावर विसंबत होतो त्याच्यामागे पूर्वी असा एक जागा माणूस असायचा, हे मला त्या यंत्रासमोर उभा राहिलो तेव्हा खऱ्या अर्थाने कळले.

गुडघ्याच्या दृष्टीने पाहता मनोऱ्याचा जिना गोल आणि अरुंद आहे. वडिलांना तो चढवला नाही तरी हरकत नाही, कारण संग्रहालयाची इमारत वेगळी आहे आणि मोठमोठी भिंगे तेथे जमिनीवरच, अगदी हाताच्या अंतरावरून पाहता येतात. माणसाहून उंच असे ते भिंग म्हणजे एक अखंड काच नसते. पितळी चौकटीत शेकडो त्रिकोणी लोलक वर्तुळांसारखे एकाभोवती एक बसवलेले असतात, आणि प्रत्येक लोलक दिव्याचा इतस्ततः जाणारा उजेड वळवून एकाच दिशेला पाठवतो. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात ही युक्ती काढली आणि जगभरातील दीपस्तंभांनी ती उचलली.

दुसरी जागा तर आपल्या बहिणीच्या गावातच आहे. अ‍ॅबर्डीन बंदराच्या तोंडाशी गर्डल नेस नावाचा दीपस्तंभ आहे. तोही रॉबर्ट स्टीव्हन्सन यांचाच, १८३३ सालचा. १८१३ च्या एप्रिलमध्ये ‘ऑस्कर’ नावाचे व्हेल-शिकारी गलबत त्याच जागेजवळ वादळात फुटले आणि त्यावरील ४४ पैकी दोघेच वाचले. तेव्हापासून तेथे दिव्याची मागणी होत होती. शहरातून गाडीने अगदी जवळ जाता येते, चढउतार नाही, होडी नाही.

फोंड्याची वाचक (फोंडा)

तारवटीकाकांनी लिहिलेले सारे पटले, तरी चार दिवस हाताशी असताना उत्तर किनारा अजिबात सोडून द्यावा असे मला वाटत नाही. केप रॅथच्या होडीची धास्ती असेल तर डनेट हेडचा विचार करावा. ब्रिटनच्या मुख्य भूमीचे अगदी उत्तरेकडील टोक ते हेच. पुष्कळ लोक जॉन ओ’ग्रोट्सला तो मान देतात, तो चुकीने. तेथेही रॉबर्ट स्टीव्हन्सन यांचाच १८३१ चा दीपस्तंभ आहे आणि मोटार थेट त्याच्यापाशी जाते. मनोरा येथेही आतून पाहता येत नाही. तो १०० मीटरांहून उंच कड्यावर उभा आहे, आणि तरीही हिवाळी वादळांत लाटांनी भिरकावलेले दगड दिव्याच्या काचांपर्यंत पोहोचून त्या फोडतात. आपण मान्सूनमध्ये दोना पावलाला जी लाट पाहतो तिच्यावरून या उंचीची कल्पना करणे मला तरी जमले नाही.

जूनमध्ये तेथील कड्यांवर पफिन पक्ष्यांची वीण चालू असते. लालसर चोचीचा, ठेंगणा, गंभीर चेहऱ्याचा हा पक्षी कठड्याशी उभे राहून दुर्बिणीतून पाहता येतो. माझ्या सासूबाई तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या, आणि गाडीतून उतरून हातात काठी घेऊन त्या सावकाश फिरल्या. त्यांना काही त्रास झाला नाही. अंतर मात्र डरनेसइतकेच लांब आहे, म्हणून थर्सो या जवळच्या गावी दोन रात्री मुक्काम करावा. एका प्रवास कंपनीने आम्हाला हे सारे एका दिवसात बसवून दिले होते, त्यामुळे दीपस्तंभापाशी आमच्या वाट्याला केवळ २० मिनिटे आली, आणि त्यातली दहा गाडी लावण्यात गेली. आपण तसे करू नये.

सागरवाट (मडगाव)

तारवटीकाका, दिव्याच्या लयीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि तो या प्रश्नात फार मोलाचा आहे हे मी मान्य करते. तरीही माझा आग्रह एवढाच आहे की वडिलांनी स्वतः होडीचा धक्का पाहून निर्णय घ्यावा. आपण मुले वडीलधाऱ्यांच्या वतीने फार लवकर ‘नको’ म्हणतो. डनेट हेडहून पश्चिमेकडे त्याच किनाऱ्याने डरनेस गाठता येते. भरतीची वेळ साधली तर शेवाळलेला भाग पाण्याखाली असतो आणि चढणे सोपे जाते, हे तेथल्याच होडीवाल्याने आम्हाला सांगितले होते.

पर्वरीकर (पर्वरी)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवण झाल्यावर हे सगळे वडिलांना सावकाश वाचून दाखवले. रखवालदाराने वजन वर घेण्याचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. केप रॅथच्या मनोऱ्यात जाता येत नाही याचे त्यांना वाईट वाटले नाही, पण दिवा लागलेला दिसणार नाही हे कळल्यावर ते काही वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “पेटलेला नसला तर मग बाबा, तो नुसता खांबच.”

त्यानुसार बेत असा ठरला आहे. एक दिवस किनेर्ड हेडसाठी. उरलेल्या तीन दिवसांत थर्सोला दोन रात्री राहून डनेट हेड. हवा चांगली असेल आणि भरतीची वेळ जुळली तर एक रात्र वाढवून डरनेसच्या धक्क्यापर्यंत जाऊन पाहू. होडीत बसायचे की नाही ते वडील तेथे ठरवतील. गर्डल नेस त्यांनी रात्रीसाठी राखून ठेवला आहे. त्यांनी विचारायला सांगितले आहे की त्याची लय काय आहे, आणि किती वाजता कोठे उभे राहावे.

निवृत्त तारवटी (वास्को)

२० सेकंदांत दोन झोत, पांढरे. दीपस्तंभाच्या अलीकडे बंदराच्या तोंडाशी टॉरी बॅटरी नावाची जुनी तोफखान्याची जागा आहे, तिच्याजवळ गाडी लावता येते आणि गाडीत बसूनही समुद्र दिसतो. तिन्हीसांजेच्या आधी गेलात तर बंदराच्या तोंडाशी डॉल्फिनही दिसण्याचा संभव आहे. अ‍ॅबर्डीनला त्या दिवसांत सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून अकराच्या आधी फारशी अपेक्षा ठेवू नये. जून असला तरी लोकरीची टोपी आणि जाड कोट घ्यावा. वडिलांना माझा नमस्कार सांगावा. मोजणी पहिल्या झोतापासून सुरू करायची, दोन झोतांमधल्या लहान काळोखापासून नव्हे. पण हे त्यांना सांगण्याची गरज नसावी.